उडी मारणारी रेघ

आमच्या यांनी वेल्डिंगचं मशीन सोलापूरहून जुनं आणलं, तेव्हा त्याच्या झाकणाच्या आत तारांच्या जोडणीचा नकाशा चिकटवलेला होता. तेलानं त्याचे तुकडे पडायला लागले होते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण रांगोळीला हात बरा, म्हणून तो नव्या कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं.

यांनी खुणा सांगितल्या. वेटोळी म्हणजे तांब्याच्या तारेचे गुंडाळे, मधल्या उभ्या रेघा म्हणजे लोखंडी पत्रे, खाली लहान लहान होत गेलेल्या तीन रेघा म्हणजे जमीन. काही ठिकाणी एक रेघ दुसरीवरून अर्धा वळसा घेऊन गेली होती. काढणाऱ्याचा हात हलला असेल, असं मला वाटलं. मी त्या सरळ केल्या आणि रांगोळीच्या सवयीनं प्रत्येक फुलीवर ठिपका दिला.

काही महिन्यांनी मशीन जळलं. गुंडाळे नवे करून आणले आणि जोडणी माझ्या कागदावरून झाली. त्या दिवशी जेवताना हे माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "हिचा कागद लई साफ हाय. जुन्यावर रेघ उडी मारायची. उडी असली की तारा शिवू द्यायच्या न्हायत, ठिपका असला की जोडायच्या. ह्यात उडीच न्हाय, सगळे ठिपके. आता जाऊन वीज सोडतो."

मी दाराआड भाकरी थापत होते. हात तिथंच थांबला. मामंजींसमोर मी कधी बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की बांगड्या वाजवायच्या. मी त्या वाजवल्या.

"बास, आता भाकरी नको," मामंजी म्हणाले. दोघं उठून गेले.

जुना कागद मी दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवला होता. तुकडे जुळवले. बाहेरून येणाऱ्या विजेची रेघ जमिनीच्या रेघेवरून उडी मारून गेली होती. माझ्या कागदावर तिथं ठिपका होता. जमिनीची तार मशीनच्या बाहेरच्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे वीज त्या पत्र्यात उतरणार. आणि त्या पत्र्यावर हात टेकून उभं राहायची यांची सवय.

तवा चुलीवर तसाच राहिला. तुळजापूर रस्त्याला आमचं वेल्डिंगचं दुकान. पळायची लाज वाटत होती आणि चालणं पुरत नव्हतं. कुणाची किंकाळी येते का, तेवढंच ऐकत गेले.

दुकानात मामंजी बाकावर बसले होते. बेंबळीचे दोन शेतकरी नांगर घेऊन आले होते. यांचा एक हात मशीनवर होता, दुसरा भिंतीवरच्या खटक्याकडं निघालेला.

"थांबा." माझा आवाजच फुटला नाही. पुन्हा म्हणाले, "हात काढा. कागद चुकलाय माझा."

"मिस्त्री, घरून हुकूम आलाय," एक शेतकरी हसला.

यांनी हात काढला. तुकडे माझ्या कागदाशेजारी ठेवून पाहिले आणि झाकण उघडलं. जिथं जिथं उडी होती, तिथल्या तारा एकत्र पिळलेल्या होत्या. यांनी त्या एकेक करून सोडवल्या.

मामंजी बाकावरून म्हणाले, "बांगड्या त्यासाठी वाजवल्यास व्हय?"

मी मान हलवली.

"इथनं पुढं तोंडानं सांगत जा, पोरी."

नकाशा मी तिथंच बसून पुन्हा काढला. पहिलीच उडी वाकडी आली. खोडायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे."

मग यांनी खटका ओढला. मशीनची घूं घूं सुरू झाली, पण यांचा आवाज कानावर येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.