कडेवरून फिरवायचं बोट

कामशेतच्या आमच्या शेडमध्ये डोंगरात पळवायच्या जीपगाड्यांसाठी पत्र्याचे भाग बनतात. गाडी हलकी व्हावी म्हणून पत्र्याला गोल भोकं पाडायची, आणि भोकांमुळे पत्रा लेचापेचा होऊ नये म्हणून त्यांच्या कडा कर्ण्याच्या तोंडासारख्या वळवायच्या. त्यासाठी डाय असते. खाली पोलादी कडं, वर उतरता गट्टू, मधे पत्रा. दोन्ही एकमेकांत दाबले की कडा फुलते. हे पहिल्यांदा ऐकल्यावर मावशी, म्हणजे आमच्या मिस्त्रींची बायको, म्हणाली होती, “आमी भोक पडलं की पातेलं डाग द्याय नेतो, आन तुमास्नी भोकं पाडायचा पगार?”

मिस्त्रींना सगळे भाऊ म्हणतात. नववीतून शाळा सोडून मी परभणीकडून आलो तो लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासायला. तिथल्या धुराड्याचा पत्रा बदलायला भाऊ आले होते. कुणी न सांगता मी त्यांची शिडी धरून उभा राहिलो. जाताना म्हणाले, “येतो का रं पत्र्याच्या कामाला? हितं हात भाजत्यात, तितं कापत्यात, येवढाच फरक.” तेव्हापासून वडिवळ्याला त्यांच्याच घरी राहतो. मावशी माझ्या ताटात भात वाढते तेव्हा “बास” म्हणायलाही मला भीती वाटते. नको म्हटलं तर परका होईन, हो म्हटलं तर ओझं.

पूर्वी डाय बोल्टवर ओढायची. भाऊ लांब पान्याने बोल्ट आवळायचे, पत्रा कण्हल्यासारखा वाजायचा आणि कडा वळायची. यंदा त्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. शेडच्या मालकाने, शेठने, हाताने पंप मारून डाय दाबायची प्रेस आणली आणि तिच्यापुढं मला बसवलं. भाऊंना दिली कानस. भोक पाडल्यावर कडेला जी बारीक धार राहते तिला आम्ही बर म्हणतो. ती डाव्या हाताने घासून काढायची. शेडमध्ये हे काम नवख्याला देतात. मला पहिल्या दिवशी तेच दिलं होतं, आणि देणारे भाऊच होते.

बर राहिली तर कडा वळताना तिथूनच फाटते. म्हणून डायवर बसणाऱ्याने आधी भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचं. घासणारा कुणीही असो. हा भाऊंचाच नियम. पण भाऊंनी घासलेल्या पत्र्यावर मी बोट कसं फिरवणार? त्यांच्या जागेवर बसलो होतो तेवढं पुरे नव्हतं का? शिवाय शेठ एकदा हळूच म्हणाले होते, “भाऊंना थोडे दिवस घरीच बसू दे, काय वाटतं तुला?” मी म्हणालो, “काम बराबर चाललंय, शेठ.” त्यानंतर तर बर सापडेल याचीच धास्ती वाटायची. पत्रा आला की मी नुसती फुंकर मारायचो आणि दाबायचो.

एका दुपारी टच्‌ असा आवाज झाला. दारासाठीचा मोठा पत्रा, शेवटचं भोक, आणि कडेला चीर. शेठ आलेच.

“कुणाचं काम?”

“माझं,” मी म्हणालो.

“ह्याचं कसं?” मागून भाऊ. “कानस माजी हाय.” मग माझ्याकडे वळून, “बोट फिरवलंस?”

“नाही.”

“का न्हाई?”

मी फाटलेला पत्रा डायवरून काढायला लागलो.

“माज्या जागंवर बसताना लाज न्हाई वाटली, आन माजं काम तपासताना वाटली व्हय? मी काय देवाचा टाक हाय, हात लावाय भितोस?”

शेठ पत्रा उचलून उजेडाकडे घेऊन गेले. भाऊ मात्र ठणकावून म्हणाले, “आन दुसरा. माज्यासमोर फिरव.”

मी फिरवलं. बोट हळू गेलं, आणि एका जागी अडकलं. शेठ ऐकत होते. खोटं बोलणं सोपं होतं.

“भाऊ, हितं राहिलंय. उजव्या अंगाला.”

भाऊंनी आणखी एक पत्रा पुढे केला. तिथंही उजव्या अंगाला. तिसऱ्यावरही.

“म्हंजी डावा हात तितं वळतच न्हाई,” भाऊ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आरं, मग हे आदी न्हाई का सांगायचं? मला काय सपान पडतंय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातून एक जुनं चाकाचं बेअरिंग काढलं, त्यावर लाकडी पाट ठोकला, पाटावर पत्रा चिमट्यात धरला. आता हात एकाच जागी राहतो आणि पत्रा फिरतो. शेठ तो पाट थोडा वेळ फिरवत बसले, जत्रेतल्या पाळण्याजवळ पोरगं रेंगाळतं तसे. घरी बसवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मला मात्र ते आठवडे आठवतात. मान राखायचा म्हणून मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानेच भाऊंची नोकरी जाणार होती. ज्यांच्या घरचा भात खातो त्यांच्या हाताला मी मनातून कधीच निकामी ठरवून मोकळा झालो होतो.

आता पत्रा आला की मी बोट फिरवतो. भाऊ त्यांच्या फिरत्या पाटाजवळून बघत असतात. काही सापडलं नाही तर घाईने डायवर ठेवत नाही. आणखी एकदा, सावकाश फिरवतो. बोटाचा पूर्ण वेढा झाला की मगच भाऊ पुढच्या पत्र्याला हात घालतात.