रुसलेली खोकी

कुलपांच्या दुकानात माळ्यावरचा माल सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे माळेकाका म्हणत. त्यांचं निम्मं आयुष्य शिडीवर गेलं होतं. एक गिऱ्हाईक येणार, एकच कुलूप मागणार. पाठोपाठ कुणी दुकानदार येणार, त्याला अख्खं खोकं हवं. एकासाठी खोकं फोडा, दुसऱ्यासाठी न फोडलेलं हुडका. हल्ली शिडी नुसती दिसली तरी गुडघे कण्हायला लागत.

"मी गुडघ्यांना न सांगताच चढतो," ते बायकोला म्हणाले.

"आणि उतरताना त्यांना कळतं, होय ना?" ती म्हणाली.

काकांना आता एकच हवं होतं, गल्ल्याशेजारची खुर्ची. दुकानाच्या मालकीणबाई म्हणजे त्यांच्या वारलेल्या मित्राची बायको, त्यामुळे नात्याने वहिनी. वहिनींनी शब्द दिला होता की यंदा मालाची मोजणी जुळली तर भाऊजींनी खाली बसायचं, माळ्यावर दुसरा माणूस बघू.

मोजणीची काकांची स्वतःची रीत होती. कारखान्यातून खोकी यायची ती नुसती झाकणं दुमडलेली, आणि अक्षरं छापलेली एकाच बाजूला. खोकं फोडलं की काका झाकण पुन्हा दुमडत आणि अक्षरं भिंतीकडे फिरवत. झालं ते रुसलेलं खोकं. मग शिडीखालून मान वर केली तरी कळायचं, अख्खी कुठली नि फोडलेली कुठली. ही रीत त्यांनी कुणाला सांगितली मात्र नव्हती. विचारलं होतं कुणी?

मोजणीच्या आदल्या सकाळी एक दुकानदार काखेत खोकं मारून तणतणत आला. त्याने ते भर दुकानात उघडून दाखवलं. तळाशी चारदोन कुलपं, बाकी मोकळं.

"तुम्ही हवासुद्धा घाऊक विकायला लागलात का हो?"

काका वर गेले आणि तिथेच थिजले. सगळी खोकी अक्षरं पुढे करून शहाण्या मुलांसारखी रांगेत बसलेली. रुसलेलं एकही नाही. खालून वहिनींचा आवाज आला, कौतुकाने नुसता ओथंबलेला. सुटीच्या दिवशी येऊन त्यांनीच म्हणे सगळं नीट लावलं होतं, निम्म्यांनी पाठ फिरवलेली, अगदी बघवेना हो. या दुकानदारालाही तेव्हा त्यांनीच त्यातलं एक खोकं काढून दिलं होतं.

काका पायरीवर टेकले. चिडायलाही अंगात दम लागतो.

"वहिनी, ती पाठ मी फिरवली होती. फोडलेली होती ती."

वहिनी शिडीशी आल्या.

"मग आता?"

"आता एकेक उचलायचं."

वहिनीसुद्धा धापा टाकत वर आल्या. दिवस मावळेपर्यंत दोघं खोकी उचलत राहिले. वहिनी प्रत्येक खोकं कानाशी नेऊन खुळखुळवत, नाडी बघावी तशा डोळे मिटत आणि छातीठोकपणे चुकत. काका हातात घेत, जड की हलकं तेवढं सांगत आणि हलकं असलं की भिंतीकडे फिरवत. कंबर कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतात, तेही त्यांना कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मोजणी जुळली. एका कुलपाचाही फरक निघाला नाही.

"भाऊजी, दिला शब्द मोडायची नाही मी," वहिनी म्हणाल्या. "खुर्ची तुमचीच. पण तुम्ही खाली आलात तर वरचं कळायचं कुणाला? तेव्हा खुर्चीच वर नेऊ."

काकांनी वरून ओढली, वहिनींनी खालून ढकलली. खुर्ची माळ्यावर पोचली. वहिनी खाली जाईपर्यंत काका खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग त्यांनी तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बसले.