लेव्हलकाकांचे गुडघे

लेव्हलकाकांनी आयुष्यातली तीस वर्षं जमिनीपासून हातभर उंचीवर काढली. धंदा फरश्या बसवायचा. नव्या घरात शिरल्यावर लोक छत बघतात, खिडक्या बघतात, काका आधी खाली बघायचे आणि म्हणायचे, "या कोपऱ्याकडे दोन सूत उतार आहे." मग कोणीतरी पाणसळ, म्हणजे लेव्हल, लावायचं आणि तिच्यातला बुडबुडा मुकाट्याने काकांच्या बाजूने साक्ष द्यायचा. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं.

काकांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि गेल्या चार वर्षांपासून किडन्याही थकल्या होत्या. "दोघींचं मिळून निम्मंच काम चालतं," असं ते स्वतःच सांगायचे, जणू काही हाताखालच्या कामगारांबद्दल बोलत असावेत. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, मीठ बेताचं. या दुखण्याशी त्यांनी जमवून घेतलं होतं. जमेना ते गुडघ्यांशी.

आधी फक्त जिने उतरताना दुखायचं. मग खाली बसलं की उठताना बादलीच्या काठाचा आधार लागू लागला. काका कुणाला ताकास तूर लागू देत नव्हते. पण तीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईपासून काय लपणार? एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, हल्ली पँट पलंगावर बसून का घालता?"

"आरामात घालतो. घाई कसली?"

"उजवा की डावा?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही," काका म्हणाले. "उजवा जास्त."

डॉक्टरांकडे जायचं ठरलं, पण त्याआधी मेहुणा मध्ये आला. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, वीस वर्षं काकांचा जोडीदार. माणूस जिवाला जीव देणारा, आणि न मागता सल्लाही देणारा. एका नाचाच्या वर्गाचा मोठा हॉल दहा दिवसांत करून द्यायचा होता. काकांना लंगडताना पाहून त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "भावोजी, एक सकाळी, एक संध्याकाळी. गुडघा आहे की नाही तेसुद्धा विसराल."

आणि खरोखरच काका विसरले! आठ दिवस ते पंचविशीतल्या पोरासारखे सरपटत होते. काकूंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी बूट पायात शिरेना. काकूंनी घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच राहिला.

"काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. काकांनी पाकीट पुढे केलं.

त्यांच्या डॉक्टरीणबाई मूळच्या शांत स्वभावाच्या. रक्ताचा रिपोर्ट वाचताना त्यांच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडत गेल्या.

"काका, ही गोळी इतरांसाठी ठीक असेल. तुमच्या किडन्यांना हिने ओव्हरटाइम करायला लावलाय. आणखी महिनाभर घेतली असती, तर मी आज तुमच्याशी गुडघ्यांबद्दल बोलतच नसते."

मेहुणा बाहेर बाकावर बसला होता. आत आला तो रडवेला होऊन. "माझंच चुकलं, ताई."

"तू दिल्यास आणि यांनी घेतल्या," काकू म्हणाल्या. "वाटणी निम्मी-निम्मी."

गोळ्या बंद झाल्या. तीन आठवड्यांनी सूज उतरली, रिपोर्ट जवळजवळ पहिल्या जागी आला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. गुडघे मात्र पुन्हा जागे झाले. काका डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मग बदलूनच टाका ना. फरशी फुटली की आम्ही दुसरी बसवतो."

"बसवण्याआधी खालचा थर बघता की नाही?"

"बघावाच लागतो. पोकळ असला तर नवी फरशीपण उखडते."

"तुमचा थर म्हणजे साखर. आत्ता इतकी चढलेली आहे की जखम भरायला वेळ लागेल, पू होण्याची भीती. ती आधी खाली आणा. ऑपरेशन पळून जात नाही." मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. वजन सात-आठ किलो उतरवायचं. दुखलं तर कोणती साधी गोळी आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, ते लिहून दिलं; त्यापलीकडे औषधाच्या दुकानातून विचारल्याशिवाय काही आणायचं नाही. सांध्यात इंजेक्शन देता येतं, पण त्याने काही दिवस साखर उसळते, म्हणून ते अडीअडचणीला राखून ठेवायचं. काठी धरायची ती उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून डाव्या हातात. आणि व्यायाम. "हेच खरं औषध आहे," त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, आपल्या तोंडाला पानं पुसली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई दवाखान्याच्या तळमजल्यावर बसायच्या. त्यांनी काकांना खाटेवर आडवं केलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सांगितलं, "दाबा. पाच मोजा. सोडा."

काकांचा अपमानच झाला. सिमेंटची पोती उचललेल्या माणसाने टॉवेल दाबायचा? पण दहाव्या वेळेला मांडी थरथरायला लागली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "गुडघा बिचारा एकटाच राबतोय. मांडी नुसती बसून खातेय."

घरी काकू मोजायला बसायच्या आणि हमखास सावकाश मोजायच्या. गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवण्याआधी त्या स्वतःच्या मनगटावर लावून बघत, कारण मधुमेहामुळे काकांच्या पायांना गरम-गार नीट कळत नव्हतं. या बाबतीत काकांच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

चौथ्या आठवड्यात काका व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांच्या मधून चालत होते. पुढे एक म्हातारे आजोबा चालत होते, ते सारखे डावीकडे झुकत. बाई त्यांना दर चार पावलांनी सरळ करत. काकांनी खाली पाहिलं.

"बाई, यांचा दोष नाही. खोली डावीकडे पडलीय. चांगली तीन सूत."

"काका, चालण्याकडे लक्ष द्या."

"गोटी आहे का तुमच्याकडे?"

बोटांच्या व्यायामाच्या डब्यात गोट्या होत्याच. बाईंनी हसत हसत एक जमिनीवर ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग निघाली ती थेट डाव्या भिंतीला जाऊन टेकली. खोलीतल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी सगळ्यात जोरात.

पुढच्याच महिन्यात ती फरशी उखडून नवी बसवायचं काम काकांना आणि मेहुण्याला मिळालं. तिथेच खरी अडचण समोर आली. काका सवयीने गुडघे टेकायला वाकले आणि दारातून बाईंचा आवाज आला, "अजिबात नाही!" बाई जागच्या हलेनात. काकांना खुर्ची दिली. ते खुर्चीत बसून सांगत राहिले आणि मेहुणा खाली बसून करत राहिला. काम चोख झालं. पण त्या संध्याकाळी काका घरी आले, गुडघ्यांना बांधायच्या रबरी गाद्या हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि जेवायला उठले नाहीत. काकूंनी हाक मारली नाही. ताट झाकून ठेवलं आणि त्याही शेजारी बसून राहिल्या.

काका म्हणाले, "खुर्चीत बसून हुकूम सोडणं मला जमणार नाही. हाताला काम पाहिजे."

"मग उभ्याने करता येईल असं काम नाही का तुमच्या धंद्यात?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काम होतं की! स्वयंपाकघरांच्या, न्हाणीघरांच्या भिंती. भिंतीची कामं त्यांनी आजवर कायम मेहुण्यावर ढकलली होती, कारण त्यांच्या मते भिंत म्हणजे आळशी माणसाची जमीन. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याला सांगितलं, "आजपासून वाटणी. कमरेच्या वर मी, कमरेच्या खाली तू."

"आणि बरोबर कमरेशी?"

"तिथे भांडू."

वर्ष सरळ गेलं असं नाही. पावसाळ्यात एक पायरी चुकली आणि उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. तेव्हा ते राखून ठेवलेलं इंजेक्शन घेतलं. साखर सांगितल्याप्रमाणे उसळली. काकू दिवसातून चार वेळा बोटाला टोचून आकडा कॅलेंडरवर लिहीत होत्या आणि प्रत्येक आकड्याला काकांकडे असं बघत होत्या, जणू तो त्यांनीच मुद्दाम वाढवला. सहाव्या दिवशी साखर जागेवर आली. गुडघा तीन महिने गप्प बसला, तेवढ्या वेळात काकांनी मांडीला पुन्हा कामाला जुंपलं.

वर्षाअखेरीस वजन सहा किलोने उतरलं होतं. सात-आठचा वायदा होता, पण डॉक्टरीणबाईंनी तेवढं सोडून दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर आवाक्यात होती. किडन्या होत्या तिथेच होत्या, आणि किडन्यांच्या बाबतीत ही आनंदाचीच बातमी.

"आता ऑपरेशनचा विचार करता येईल, काका," त्या म्हणाल्या. "किडनीच्या डॉक्टरांशीही मी बोलून घेईन. काय म्हणता?"

काकांनी थोडा विचार केला. "दुखतं. रोजच दुखतं. पण मी दोन मजले चढतो, काम करतो, झोप लागते. इतक्यात नको. ज्या दिवशी झोप लागणार नाही, त्या दिवशी येतो."

"चालेल. पण ते मला सांगायचं. दुसऱ्या कोणाला नाही."

"कानाला खडा लावलाय, बाई."

हल्ली ते एका बेकरीच्या भिंती करताहेत. भट्टीमागची मोठी भिंत, पांढऱ्या चौकोनी टाइल्स. सकाळच्या उन्हात काका काठी खिडकीला टेकवून ठेवतात आणि छातीच्या उंचीवरची ओळ लावायला घेतात. थापीने सिमेंटचा मसाला फासायचा, टाइल टेकवायची, रबरी हातोडीने दोनदा ठोकायची. खाली उकिडवा बसलेला मेहुणा कुरकुरतो, "भावोजी, तुमचा मसाला माझ्या डोक्यावर पडतोय."

"मग टोपी घाल," काका म्हणतात आणि पुढची टाइल उचलतात.

दुपारी काकू डबा घेऊन येतात. बेकरीवाल्याने काकांसाठी एक उंच स्टूल काढून ठेवलंय. त्यावर बसलं की गुडघे फार वाकत नाहीत आणि पाय मोकळे लोंबतात. काका जेवता जेवता ते पाय हलवत राहतात, उजवा, डावा, उजवा. काकू मनातल्या मनात मोजत असतात, आणि काकांना ते माहीत असतं.