‘माइन’च्या आधीचा ‘द’

निकोलासा ओबांदो एक्कावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसली, तेव्हा सगळ्यात आधी तिची सूनच हसली. “आता जहाजाच्या कप्तान होणार वाटतं, सासूबाई!”

निकोलासाने मनावर घेतलं नाही. लिमोन बंदराच्या धक्क्यावर ती नारळाच्या वड्या विकायची. जहाजातून उतरणाऱ्या बायकांशी बोटं नाचवून बोलायचा तिला वीट आला होता.

शिकवायला शेजारच्या मिस व्हर्लिन होत्या. त्यांचे आजोबा जमैकाहून आलेले, त्यामुळे घरात इंग्रजीच. चाळीस वर्षं शाळेत शिकवून थकलेल्या, तरी त्यांनी निकोलासाला रोज तासभर दिला, आणि फीचं नावही काढू दिलं नाही.

निकोलासाला सगळं जमलं, एक सोडून. तिच्या स्पॅनिशमध्ये वस्तूचं नाव न घेता नुसतं ‘माझं’ म्हणताना त्याच्या आधी बहुतेकदा ‘द’सारखं उपपद लावतात. तिच्या तोंडून म्हणून ‘द माइन’च निघायचं.

“अगं, ‘द’ नामाला लागतो. ‘माइन’ सर्वनाम आहे, त्याला काही लावू नकोस!”

“जिभेला पन्नास वर्षांची सवय आहे हो, मिस.”

एका सकाळी टोपली धक्क्यावर ठेवून ती पाणी प्यायला गेली. परतली तर एक प्रवासी बाई घाबरून विचारत होती, ही बेवारशी टोपली कुणाची? निकोलासा धावत ओरडली, “द माइन! द माइन!”

इंग्रजीत त्याचा अर्थ सुरुंग असाही होतो. बाई किंचाळली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. टोपलीत निघाल्या वड्या, पण पहाऱ्यावरच्या साहेबांनी निकोलासाला धक्क्यावर यायची बंदी केली.

दुसऱ्या दिवशी मिस व्हर्लिन निकोलासाला घेऊन, दुखरे गुडघे ओढत तिथे पोचल्या. “शिक्षा मला कर. हिची मास्तरीण मी. माझंच शिकवणं कमी पडलं.”

साहेब चटकन उभे राहिले. तेही कधीकाळी त्यांच्याच वर्गात होते. “मिस, तुम्ही तर मलाही नापास केलं होतंत!”

“तू अभ्यास करत नव्हतास. ही करते.”

बंदी उठली. निकोलासा घरी आली. “माझ्यासाठी असं कुणी कधी गेलं नव्हतं गं,” एवढंच ती सुनेला म्हणाली. त्या संध्याकाळी सूनही वही घेऊन मिसकडे आली.

आता मिसना दिसत नाही. जमैकातल्या बहिणीची पत्रं निकोलासा त्यांना वाचून दाखवते, उत्तरंही तीच लिहिते.

“दमलीस का गं?” मिस विचारतात.

“छे! सांगा पुढे,” ती म्हणते आणि कोरा कागद ओढून घेते.