बलून नजरेआड होऊ नये म्हणून

जयपूरला आल्यापासून मी वैशाली नगरातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. जीपच्या टपावर बसवलेला कॅमेरा, गाडी कितीही आदळली तरी हलत्या लक्ष्यावरून ढळू द्यायचा नाही, हे आमचं काम. त्या हिवाळ्यात जयपूरबाहेर चौमूंच्या बाजूला एका सकाळी चाचणी ठेवली होती. लक्ष्य होतं पर्यटकांना फिरवणारं हॉट एअर बलून. साताऱ्याहून माझ्याकडे आलेले बाबा हौसेनं त्यात बसले होते.

बलून वर गेलं आणि अचानक वारा सुटला. धूळ उठली. बलून ठरलेली दिशा सोडून टेकड्यांकडे वाहवत निघालं. ते परत आणायला जाणारी बलूनवाल्यांची गाडी भलत्याच रस्त्यावर होती. त्यांच्या माणसाचा फोन आला, "मैडम, हमें कुछ नहीं दिख रहा. आपको दिख रहा है क्या?"

आम्ही जीपमधून बलूनच्या मागे होतो. कॅमेऱ्यात दिसत होतं, पण धड नाही. जुन्या पद्धतीत लक्ष्य मध्यावरून सरकलं की मग कॅमेरा वळायचा. कच्च्या रस्त्यावर ते पुरेना. बलून स्क्रीनच्या कडेला जाई, कसंबसं परत येई. एकदा निसटलं असतं तर त्या धुळीत पुन्हा सापडणं कठीण होतं.

मी तयार केलेली नवी पद्धत होती. वारा आणि हादरे कॅमेऱ्याला किती ढकलताहेत याचा ती सतत अंदाज घेई आणि मोटरींना तेवढाच उलटा जोर लावायला सांगे. पण ती फक्त टेबलावर चालवलेली.

"आज मत करो," शेजारी जीप चालवणारा सहकारी म्हणाला. "छूट गया तो?"

"तसंही सुटतंयच," मी मराठीतच बोलून गेले आणि ती चालू केली.

चित्र स्थिर होण्याऐवजी थरथरायला लागलं. मोटरी घूंऽऽ करू लागल्या. मग लक्षात आलं, मी अंदाज फार उतावळा ठेवला होता. सेन्सरमधली बारीकशी खरखरही त्याला वारा वाटत होती. अंदाजाच्या वेगाचा आकडा उतरवला. अजून उतरवला. मोटरी शांत झाल्या. जीप खड्ड्यात आदळली, माझं डोकं टपाला लागलं, पण बलून मधोमध राहिलं. टोपलीची कड धरून वाकलेले बाबा ओळखू आले.

फोन कानाला लावून मी दिशा सांगत राहिले. बलून झपाट्यानं खाली येत एका टेकडीमागे गेलं. आता कॅमेऱ्याचा काही उपयोग नव्हता.

आम्ही वळसा घालून पोहोचलो तेव्हा त्यांची गाडी आधीच आली होती. मोहरीच्या शेतात टोपली आडवी पडलेली. सगळे बाहेर निघाले होते. बाबा बांधावर बसले होते, मनगट सुजलेलं.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी पण. वरून तुझी जीप दिसत होती. काय वेडीवाकडी चालवतो गं तो!"

मी हसले आणि तिथेच रडायला लागले.

मनगटाला प्लास्टर घातल्यावर त्यांनी साताऱ्याला आईला फोन केला. जिन्यात पाय घसरला म्हणाले. मग फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "हो आई, जिना जरा निसरडाच आहे."