बनसोडे गुरुजींचं विहिरीचं गणित

बनसोडे गुरुजी देवमाणूस होते, असं आता गावात जो तो सांगतो. माणूस रिटायर होऊन गाव सोडून गेला की सगळेच देवमाणूस होतात. मी तसलं काही सांगणार न्हाय. मी त्यांच्या सातवीच्या वर्गात होते, आणि शहाऐंशीच्या दुष्काळात त्यांचं गणित चुकलं ते माझ्या डोळ्यांदेखत.

मच्छिंद्र बनसोडे मूळचे भूम तालुक्यातल्या ईटचे. बदली होऊन आमच्याकडं, अणदूरच्या पलीकडं आले आणि नऊ वर्षं राहिले. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की शाळेचे पत्रे हादरायचे. फळ्यावर गणित लिहिलं की लगेच पाटीला हात लावायचा न्हाय, आधी अंदाज सांगायचा. "ह्या खोलीत ज्वारीची किती पोती मावतील?" वीरभद्र बिनधास्त म्हणायचा, हजार. "हजार? तुझ्या आज्यानं तरी बघितलीत का रे हजार पोती?" वर्ग खोखो हसायचा. मग खोली मोजायची, पोतं मोजायचं, आणि उत्तर अंदाजाशेजारी लिहायचं. ज्याला पाढे येत न्हायत तोसुद्धा अंदाज सांगायला तोंड उघडायचा. उत्तर चुकलं म्हणून त्यांनी कधी मारलं न्हाय. चुकलेलं पुसून शेजारच्याचं उतरवलं तर मात्र कान पिरगाळायचे.

त्या साली भीमनगरचा हातपंप संक्रांतीलाच बंद पडला. तिथल्या बाया गावच्या हिरीवर यायच्या, पण कठड्याला हात लावायच्या न्हायत. लांब उभं राहायचं, आणि आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या घागरीत वरून पोहरा ओतायचा. गुरुजींची बायको, मालनबाई, त्याच रांगेत. कायदा काय सांगतो ते आम्ही पुस्तकात वाचलं होतं. हिरीवर कुणी पुस्तक काढत न्हाय.

मार्चात गुरुजींनी हिरीचंच गणित घातलं. दर सोमवारी मी आणि वीरभद्र दोरीला दगड बांधून आत सोडायचो. दोरी जेवढी भिजली तेवढं पाणी. आकडा शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहायचा. वीस फूट, अठरा, सोळा, चौदा.

"आठवड्याला दोन फूट. मग चौदा फूट किती पुरंल?"

"सात आठवडे!" आम्ही बोंबललो. म्हणजे बारा मेला हीर कोरडी.

माझे वडील, महालिंगप्पा, सोसायटीचे चेअरमन. त्यांना हे लई पटलं. टँकर मागणारी गावं ढीगभर, नुसतं रडगाणं तालुक्याला कोण ऐकतंय? आकडे दाखवले की साहेब मान वर करतो. अप्पांनी गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला आणि बारा मेपासून टँकर मंजूर करून आणला. गावानं गुरुजींना डोक्यावर घेतलं. मग आमची परीक्षा आली आणि मोजायचं राहिलं.

अठरा एप्रिलला पोहरा खडकावर आपटला. टँकरला अजून चोवीस दिवस होते.

अप्पा तरातरा शाळेत आले, मागं निम्मं गाव. "गुरुजी, तुमच्या गणितानं गाव मारलं! वर माती हाय तवर हीर रुंद, खाली खडक लागला की अरुंद. हे शेंबडं पोर जाणतं!"

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. ते माझ्याकडं वळले. "गिरिजे, तुला म्हाईत होतं?"

"व्हय. गाळ काढताना अप्पांनी मला आत नेलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला म्हाईत असंल वाटलं, गुरुजी."

खरं सांगते, मला तसंच वाटलं होतं. सगळ्या गावाला तसंच वाटलं होतं.

गुरुजी भिंतीवरच्या कोळशाच्या आकड्यांपाशी गेले. मग म्हणाले, "मोजायचं थांबवलं ही माझी चूक. पण चेअरमनसाहेब, इतक्या वर्षांत मी त्या कठड्याशी कधी आलो का? तुम्ही येऊ दिलं का?"

अप्पा दाराकडं बघत राहिले. "आता या की," ते म्हणाले. "आता काय, कोरडीच हाय."

सोसायटीच्या गोदामातला टेप आणला. गुरुजी धोतर खोचून दोरीनं खाली उतरले आणि तळातून ओरडले, "गिरिजे, वरची रुंदी किती?"

"वीस फूट!"

"इथं तेरा! आता अंदाज सांगा. वरच्या एक फुटाचं पाणी इथं किती फूट उभं राहील?"

"दीड!" वीरभद्र म्हणाला.

"विसाचा वर्ग?" "चारशे!" "तेराचा?" "एकशे एकोणसत्तर!" "मग?"

आम्ही कठड्यावरच पाट्या टेकून भागाकार केला. दोन फुटांच्या वर. सव्वादोनच्याही वर. अप्पा माझ्या खांद्यावरून पाटीत बघत होते, बोटं मोजत होते. भूमिती गावाला अशी कळली, आणि तहान लागलेल्या माणसाला ती लवकर कळते.

त्याच दिवशीच्या एसटीनं गुरुजी तुळजापूरला गेले. नव्या अर्जात हिरीचं चित्र काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं की चूक माझी आहे, गावाची नाही. पाच दिवस आम्ही तीन कोसांवरून बैलगाडीनं पिपं आणली. रुद्रम्मा म्हातारी त्यात आजारी पडली, पण वाचली. सहाव्या दिवशी टँकर आला आणि त्यानं पाणी हिरीत सोडलं.

बाया धावल्या. मालनबाई घागर घेऊन आल्या आणि लांब उभ्या राहिल्या, पहिल्यासारख्याच. गुरुजी रस्त्याच्या कडेला उभे होते. ते पुढं आले न्हायत आणि कुणी या म्हणालंही न्हाय. मी पोहरा भरला आणि मालनबाईंच्या घागरीत वरून ओतला.

लाज वाटली का? आज वाटते. त्या दिवशी मात्र पाणी सांडू नये, एवढ्यावरच माझं ध्यान होतं.