बारशासाठी आच वाढवली

दारव्ह्याकडच्या माझ्या लोकहो, आज एक चूक कबूल करून आलो.

मी इकडे बंगळूरला एका प्रयोगशाळेत भट्टी सांभाळतो. आमच्या मॅडम प्लास्टिकसारखं एक रसायन सिरॅमिकच्या द्रावणात मिसळतात. त्याचे कण आपोआप रांगेत बसतात, जशी आपल्या जीपमध्ये कोणी न सांगता बारा माणसं बसतात. मग भट्टी हळूहळू तापवायची. रसायन जळून जातं अन् डोळ्याला न दिसणाऱ्या भोकांचं सिरॅमिक उरतं.

काल मी घाईत आच वाढवली. आज मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यलं, तर सगळी भोकं बुजलेली.

मॅडम रडवेल्या झाल्या. "माझं मिश्रणच चुकलं. तीन महिने वाया. आता हे सोडूनच देते."

मले राहवलं नाही. "मॅडम, मिश्रण बरोबर हाये. आच मी वाढवली."

त्या माझ्याच बोलीत म्हणाल्या, "काहून रे बाबा?"

"भाचीचं बारसं फोनवर पाहायचं होतं."

"अरे वेड्या, सांगायचं ना! भट्टीपाशी मी बसले असते."

दुपारी मॅडमनी तेच मिश्रण पुन्हा लावलं. भट्टी माझ्याच हाती दिली.

मी गप्प बसलो असतो तर त्यांनी चांगलं काम टाकून दिलं असतं. तुमच्या गप्प राहण्यानं कोणी स्वतःले दोष देऊन राह्यलं नाही ना?